पोत्यावर पडणारा चेंडू

२७ जानेवारी, सोमवार

अन् वरून म्हणते कशी, "आत्याबाई, तुम्ही लवकर मारता." लवकर मारते! अवं, चेंडू आहे का गॅसवरचं दूध, त्याच्याकडे पाहत उभं राहाले? हातातून सुटतो अन् वरच जाऊन राह्यतो. शाळेच्या कडुनिंबाच्या शेंड्याले लागतो की काय असं वाटते. तिथं जाऊन काय इचार करतो कोण जाणे, अन् मग खाली येतो, सावकाश, पंगतीले पाव्हणा आल्यासारखा. तोवर माही बॅट एक चक्कर मारून परत खांद्यावर. तीनदा मारली, तीनदा हवा मारली. दिपाली तं हसून हसून मातीतच बसली.

अन् टाकणारी कोण? माही सून, सलोनी. सासूले सगळ्या गावासमोर हवेत बॅट फिरवाले लावली.

शुभदा मॅडमनं सांगतलं, खेळून आलं की दोन ओळी लिहून ठेवा, काय चुकलं ते. म्हणून कृषी केंद्रातून फुकट भेटलेली डायरी काढली. दर पानावर खताची जाहिरात आहे. मी चौथीपर्यंतच शिकेल आहे. ज्याले वाचता येत नसन त्यानं वाचू नये.

शुभदा मॅडम यवतमाळच्या शाळेत खेळाच्या मास्तरीण होत्या. रिटायर झाल्या अन् इथं बाभुळगावले भावाकडे आल्या. दिवाळीनंतर त्यांनी आम्हा दहा बारा बायाईले गोळा केलं अन् हा हळू चेंडूचा सॉफ्टबॉल सुरू केला. चेंडू खालच्या हातानं टाकाचा, डोक्यावरून उंच गेला पाह्यजे. बॅटवालीच्या मागं खताचं रिकामं पोतं अंथरतात. चेंडू पोत्यावर पडला, नाही तं बॅट हवेत फिरली, की एक स्ट्राईक. तीन झाले की बाद. अन् चार चेंडू पोत्याबाहेर पडले की बॅटवालीले पहिला बेस फुकटात. तीनही बेस फिरून घरी, म्हणजे पोत्याजवळ होमवर, आली की एक रन, अन् तिघी बाद झाल्या की डाव संपला.

आतापर्यंत दिपाली टाकत होती. तिचा चेंडू दोरीवानी सरळ यायचा. माहा हात तूर झोडपणारा. पेंडी समोर आली की हाण. रोज दोन तीन तरी चेंडू कंपाउंडच्या बाहेर. आता मॅडम म्हणतात, "दिपालीताई, तुमचा चेंडू चपटा जातो, नियमात बसत नाही. आजपासून सलोनी टाकेल." नियम म्हणे. दोन महिने कुठं गेलता नियम?

२९ जानेवारी, बुधवार

आजही दोनदा हवा.

रात्रीच्या भाकरी थापताना सलोनी म्हणते, "आत्याबाई, एक विचारू काय?" मी म्हणलं, "आधी चेंडू जरा खालून टाकत जा, मग विचार." तिनं तव्यावरची भाकरी उलटवली. ही पोरगी अशीच. बोलाले सुरू करते अन् अर्ध्यात थांबते. माहा पोरगा कपिल बी तसाच. दोघं मिळून दिवसाले दहा शब्द बोलत असतील. लग्नाले दीड वर्ष झालं, यायचं कसं चालते मले समजत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

राळेगावच्या बायाईसोबत मॅच ठरली. सोळा तारखेले, रविवारी, आपल्याच मैदानावर. मले आनंद झाला. मग मॅडमनं सांगतलं त्यायच्याकडून चेंडू कोण टाकते ते.

माही विहीणबाई.

सलोनीची आई! म्हणजे हा ढगातला चेंडू पोरीले शिकवला कोणं, ते आता समजलं. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळली म्हणे. लग्नात मले गोड बोलून बोलून असं पोपटी लुगडं नेसवलं की अजून पेटीतून काढलं नाही. ती बाई मले बाद करन? गावासमोर?

वरून मॅडम म्हणतात, "तानाबाई, तुमच्या हातात ताकद सगळ्यांपेक्षा जास्त आहे. पण तुम्ही थांबत नाही. दोन आठवड्यांत थांबायला शिकलात तर चौथ्या नंबरवर तुम्हीच. नाही तर मला तुम्हाला बाहेर बसवावं लागेल."

बाहेर! मी म्हणलं, "मॅडम, सत्तेचाळीस वर्षांत मले कोणं बाहेर बसवलं नाही." तं म्हणतात, "सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही स्वतः कधी बसलात?" याचा काय अर्थ? टिचर लोक असेच बोलतात.

पण खरं लिहिते. पाच वाजले की माहे पाय आपोआप शाळेकडे चालाले लागतात. वावर घरचं, घर घरच्याईचं. तो एक तास माहा. तिथं बाहेर बसाची पाळी आली तं मी पुन्हा त्या रस्त्यानं जाणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लाज सोडली. सलोनीले म्हणलं, "चाल आंगणात. तुह्या आईचा चेंडू कसा मारतात ते दाखव."

पोतं अंथरलं. तिनं टाकला, मी मारला, हवा. टाकला, हवा. कोंबड्या पळून गेल्या. आमचे मालक पुंडलिकराव (लिहाले काय जाते, तोंडानं मी नाव घेत नाही) बाजेवर बसून म्हणतात, "अवं, वारा लय सुटला आज." मी बॅट दाखवली तवा आत गेले.

मग सलोनी म्हणते, "आत्याबाई, तुम्ही सुपानं पाखडता तवा दाणा वर उडतो. त्याले झेलाले सूप वर नेता काय?"

"वर कायले नेईन? तो येतेच ना खाली."

"मग?"

पुढचा चेंडू आला तवा मनात सूप धरलं. वर गेला, जाऊ देल्ला. खाली आला, छातीसमोर आला, अन् हाणला. समोरच्या घराच्या टिनावर जाऊन असा वाजला की त्यायची म्हातारी बाहेर आली.

सलोनी टाळ्या वाजवून हसली. अशी हसते हे मले माहीतच नव्हतं. तिचे वरचे दोन दात जरा पुढं आहेत, चांगले दिसतात.

पोतं गुंडाळता गुंडाळता म्हणते, "आत्याबाई, मार्चमध्ये मी जर..." मी म्हणलं, "मार्चमध्ये काही नाही, हरभरा काढाचा आहे. कुठं जाऊ नको." तिनं पोतं नेऊन ठेवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सलोनी अन् कपिल सकाळच्या एस.टी.नं यवतमाळले गेले. जाताना ती म्हणे, "आम्ही जाऊन येतो, त्याचं असं आहे आत्याबाई की..." मी म्हणलं, "जा ना बापा. मले हिशोब नको देऊ. बस सुटन."

संध्याकाळी कपिलच्या पिशवीत दवाखान्याची फाईल दिसली. मी हात नाही लावला. पण वरचं वाचलं. डॉक्टरीणबाईचं नाव होतं.

मले काय समजत नाही? आठ दिवस झाले पोरगी एकटी एकटी फोनवर बोलते. मी आली की चूप. परवा जेवताना ताटात पाहतच बसली. दीड वर्ष झालं. मायबाई! मी आजी होणार.

कोणाले सांगणार नाही. ती सांगन तवा सांगन. मी काही घाई करणारी बाई नोहो.

८ फेब्रुवारी, शनिवार

कवठाची चटणी केली, गूळ घालून. सलोनीनं बोट लावलं. कपिलनं वाटीभर खाल्ली. डोहाळे त्यालेच लागले वाटते.

मैदानावर दिपालीले सांगतलं, सलोनीले बेसवर पळू देऊ नको. "काहून?" म्हणते. मी नुसती हसली. दिपाली अंगणवाडीत आहे, तिले समजलं असन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सलोनीनं आज तिच्या आईचे तीनही चेंडू करून दाखवले.

एक उंच. तो आता मले जमते. सूप.

दुसरा आखूड. वर जातो तं खरा, पण पोत्याच्या आधीच पडतो. आपल्याले वाटते आला, आपण पुढं झुकतो, अन् बॅट जमिनीले. सलोनी म्हणते, "हा मारायचाच नाही. पडू द्याचा. चार पडले की बेस तुमचा." मी म्हणलं, "हातात बॅट देऊन मारू नको म्हणता, ही कुठली रीत?"

तिसरा लय बदमाश आहे. त्याले मी बोलका चेंडू म्हणते. विहीणबाई म्हणे चेंडू हातात धरते, गोड हसते, विचारते, "जेवल्या काय?" आपण सांगाले तोंड उघडलं की टाकते. उत्तर देता देता माणूस बाद. सलोनी म्हणते, "आत्याबाई, तुम्ही उत्तर देऊच नका." मी म्हणलं, "विचारलं तं बोलावं लागते ना. वळण आहे काही." तं पुन्हा हसाले लागली.

मी तिले बदाम देल्ले. म्हणलं, "आता ओझं उचलू नको. पाणी कपिल आणन." ती पाहतच राह्यली. म्हणते, "आत्याबाई, तुम्ही समजता तसं..." मी म्हणलं, "मले समजते सगळं. तू लाजू नको." लाल झाली बिचारी. कपिल ओसरीत उभा होता, तो आत पळाला. यांनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनं आज टीम वाचली. चौथ्या नंबरवर तानाबाई. दोनदा वाचाले लावलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्र झाली, पण लिहिते. आज नाही लिहिलं तं उद्या खोटं लिहीन.

राळेगावच्या बाया सकाळी जीपनं आल्या. विहीणबाईनं गळ्यात गळा घातला, चकल्यांचा डबा देल्ला. म्हणाल्या, "बारीक झाल्या विहीणबाई." मी पावकिलोनं बी बारीक झाली नाही. अख्खं बाभुळगाव जमलं. पंच म्हणून शाळेतले धम्मदीप सर होते, गळ्यात शिट्टी.

पहिल्या वेळेस मी उभी राह्यली अन् विहीणबाईनं चेंडू हातात धरून विचारलं, "इवाई बरे आहेत ना?" इवाई म्हणजे आमचे हे. मले सगळं माहीत होतं. सलोनीनं शिकवलं होतं. तरी माह्या तोंडून निघालं, "बरे आहेत, गुडघा..." अन् चेंडू पोत्यावर. पहिली स्ट्राईक. मग रागानं दोन हवा. बाद. हे बाहेरून ओरडले, "माहा गुडघा कायले काढला?"

दुसऱ्या वेळेस दात दाबून उभी राह्यली. उंच टाकला. सूप. असा गेला की कंपाउंडच्या बाहेर पानठेल्यावर पडला. तीन बाया घरी आल्या, मी चौथी. विहीणबाई म्हणाल्या, "कोणं शिकवलं?" मी म्हणलं, "तुमच्याच पोरीनं." त्या हसल्या, पण आतून हसल्या नाही.

शेवटचा डाव. त्यायचे नऊ, आमचे आठ. आमच्या दोघी बाद. सलोनी दुसऱ्या बेसवर, अजून एक पहिल्या बेसवर. दिपालीनं मारला अन् सलोनी तिसऱ्या बेसकडे सुटली. कशी सुटली! हरणावानी. अन् बेस दोन हात राह्यला तं तिनं अंग टाकून देल्लं, पाय पुढं, पोटापर्यंत धूळ.

मी बॅट फेकली अन् ओरडली, "पळू नको वं! पोटात लेकरू आहे!"

पानठेलेवाला पान सोडून कंपाउंडवर चढला. धम्मदीप सरच्या तोंडातून शिट्टी खाली पडली.

सलोनी बेसवर उभी राह्यली. कपडे झटकले नाही. म्हणाली, "आत्याबाई, तसं काही नाही."

अन् विहीणबाई, हातात चेंडू, मधात उभ्या. "लेकरू? मले तं पोरगी नागपूरचंच सांगत होती." बोलल्या अन् त्यायनी जीभ चावली.

मी म्हणलं, "कायचं नागपूर?"

मी मागं पाह्यलं. कपिल जमिनीकडे पाहून राह्यलता. हे आभाळाकडे पाहून राह्यलते. शुभदा मॅडम चष्मा पुसून राह्यल्या होत्या. म्हणजे सगळ्याईले माहीत होतं.

धम्मदीप सर म्हणाले, "काकू, बॅटिंग तुमची आहे."

मी बॅट उचलली. जाऊन उभी राह्यली. तीनही बेसवर बाया, तिसऱ्यावर सलोनी. विहीणबाईनं काही विचारलं, मले ऐकू आलं नाही. त्यायनी टाकला. मी नागपूरचा इचार करून राह्यलती. माहेरात माहीत, अन् माह्या घरात मलेच माहीत नाही. चेंडू कुठं पडला पाह्यलं नाही. दुसरा टाकला. तिसरा. मी तिचे पायच पाहून राह्यलती, धुळीनं भरलेले. मंग एकदम सगळ्या ओरडाले लागल्या अन् शुभदा मॅडम मले ढकलून म्हणतात, "तानाबाई, चला! बेसवर चला!"

मंग समजलं. दोन पोत्यावर पडले होते अन् चार बाहेर. शेवटचा तं पोत्याच्या काठाले लागून. मी बॅट हलवलीच नाही. फुकटचा बेस. तीनही बेस भरलेले, म्हणून सगळ्या एकेक बेस पुढं सरकल्या अन् सलोनी घरी आली, नवाले नऊ.

मी पहिल्या बेसकडे चालली अन् ती होमकडे. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी नाही पाह्यलं.

पुढच्या बाईनं मारलेला सरळ विहीणबाईच्या हातात गेला. बरोबरी. परत मॅच नऊ मार्चले, राळेगावले.

लोक म्हणाले, काय संयम, तानाबाई, वा! शुभदा मॅडमनं पाठ थोपटली. संयम कायचा? मी तिथं होतीच कुठं.

चकल्या चांगल्या होत्या. हे बी लिहून ठेवते, नाही तं खोटं होईन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा ठेवला अन् सगळ्याईले बसवलं. "बोला."

कपिल बोलला. एका दमात एवढं तो लग्न ठरताना बी बोलला नव्हता. नागपूरले सहा महिन्यांचा कोर्स आहे, पोरीईले खेळ शिकवणाऱ्या बायाईसाठी. तिथंच राहाचं. एक मार्चपासून. मॅडमनं फॉर्म भरून देल्ला होता. तीस बाया निवडल्या, त्यात सलोनी. यवतमाळले दवाखान्यात गेले ते तब्येत चांगली आहे असा कागद आणाले. कोर्स झाल्यावर शाळेत शिकवता येते. हो की नाही, हे शनिवारपर्यंत कळवाचं.

मी म्हणलं, "अन् मले?"

सलोनी म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. मी नाही म्हणून कळवून देते. हरभरा आहे."

"हरभऱ्याले मधात आणू नको. मले काहून नाही सांगतलं?"

तिनं कप खाली ठेवला. रागानं नाही बोलली. राग आला असता तं मले सोपं गेलं असतं. "मी चारदा सुरू केलतं, आत्याबाई. चारही वेळा तुमचं उत्तर आधी आलं."

मी म्हणलं, "खोटं. मी एवढी घाई करणारी बाई आहे काय?"

यांनी तं बशीत फुंकर मारली, चहा थंड असून.

आज मैदानावर गेली नाही. सलोनी बी नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही उघडली, तिचं खोटं पकडाले. चार वेळा म्हणते ना, दाखवते, म्हणलं.

एकोणतीस जानेवारी. चार फेब्रुवारी. सात. अकरा. माह्याच हातचं अक्षर. खताच्या जाहिरातीखाली चारही वेळा मीच लिहून ठेवलं, तिनं काय सुरू केलं अन् मी काय म्हणलं. लिहिताना हसून लिहिलं असन.

मग आंगणात गेली. पोतं अंथरलं. चेंडू घेतला अन् स्वतः टाकून पाह्यला, उंच. वर गेला. मी उभी राह्यली. किती वेळ लागतो तेवढाच लागतो. पोत्यावर पडला. दुसरा नाही पडला, तिसरा कोंबडीले लागला.

दुपारी मॅडमकडे गेली. म्हणलं, "मार्चमध्ये सलोनी नसली तं चेंडू कोण टाकन?" त्या म्हणाल्या, "तिनं हो म्हटलं?" मी म्हणलं, "मी विचारलंच नाही अजून. मी सहज विचारून राह्यली." त्यायनी नुसता चेंडू हातात देल्ला. हरभऱ्यासाठी बी दोन बायाईले सांगून आली. मजुरीचं ठरलं. हे तुले सांगाचं म्हणून नाही, लिहाचं म्हणून लिहिलं.

सलोनी, आता इथून पुढचं तुह्यासाठी आहे. मी ही वही मुद्दाम पिठाच्या डब्यावर ठेवून राह्यली. तू सकाळी पीठ घेताना दिसन. वाचता येत नसन तं कपिलकडून वाचून घे. एकोणतीस, चार, सात, अकरा, ती पानं मी दुमडून ठेवली. चार माहे पोत्याबाहेर गेले. मॅडमचा नियम तुले माह्यापेक्षा चांगला माहीत आहे.

पण जाय असं मी म्हणत नाही. अन् नको जाऊ असं बी म्हणत नाही. माहं उत्तर यावेळेस तुह्या आधी येणार नाही. घरात कोणी तुले काही सांगन तं माह्याकडे पाठव, बॅट माह्याकडेच आहे. तुह्या आईले फोन करू नको आधी. यावेळेस पहिले मले.

तीन दिवस मी एक शब्द विचारणार नाही. जेवताना नाही, भाकरी थापताना नाही, मैदानावर नाही. मले कसं जमन मले माहीत नाही, पण उभी राहीन. शुक्रवारी दिवा लावायच्या आत मात्र मले उत्तर पाह्यजे. चिठ्ठीत नाही, कपिलच्या तोंडून नाही. समोर बसून, तुह्या तोंडानं, पूर्ण वाक्य, शेवटपर्यंत.

जाते की नाही?